आर्केड व्हिडिओ गेमचं कॅबिनेट बनवतोयस तर आधी प्लाय बघ

अरे एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त पडतो म्हणून घेऊ नकोस, गोव्याच्या पावसात खालची कड पावासारखी फुगते, त्यापेक्षा १८ एमएमचा मरीन प्लाय घे, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघूनच, आणि कापलेल्या कडांना आधी प्रायमर मार. बटणांना ३० एमएमची भोकं, टाकाऊ तुकड्यावर ट्राय करून मगच.

जुनं कॅबिनेट मिळालं तर वायरिंग लगेच उपटू नकोस, १९८५ नंतरच्या बऱ्याच गेम सर्किट बोर्डांना ५६ पिनांचा जामा (आर्केड गेमच्या वायरिंगचं ठरलेलं मानक) कनेक्टर असतो, तोच हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, चालून जातो. पिक्चर ट्यूबला मात्र प्लग काढला तरी हात लावायचा नाही हां, आत हजारो व्होल्ट साठून राहतात, म्हापशात कोणी जुना टीव्ही रिपेअरवाला गाठ आणि त्याच्याकडूनच डिस्चार्ज करून घे. रंगबिंग दिवाळीनंतर, पावसात धड सुकत नाही.