गावातल्या आयांना लेकरांच्या आरोग्याबद्दल शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की गेवराई तालुक्यात बचत गट चालवता, लेकरांच्या आरोग्यावर शिबिरं घेतली, बायका आल्या, माना डोलावल्या आणि घरी गेल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी बीड जिल्ह्यातच आशाताईंची गटप्रवर्तक आहे, म्हणून सांगते.

शिबिराला ज्या पोरी येतात, त्यांच्या हातात घरातला निर्णय नसतो. पहिलं बाळंतपण माहेरी. चीक (बाळंतिणीचं पहिलं घट्ट दूध) पाजायचा की पिळून टाकायचा, बाळाला मध चाटवायचा का, हे तिची आई ठरवते. दोन-तीन महिन्यांनी ती सासरी येते, तर तिथं सासू सहाण घेऊन गुटी उगाळायला बसलेली. सून सगळं ऐकून आलेली असली तरी आत्याबाईंपुढं तोंड उघडणार नाही. तेव्हा आधी सासूला धरा. तिला चारचौघांत खोटं मात्र पाडू नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल-मालिश, सटवाईची पूजा, सगळं चालू द्या. वाद घालायचाच तर मोजक्या गोष्टींवर घाला: जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजणं आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नाही. गुटी नाही, मध नाही, वैशाखातसुद्धा वरचं पाणी नाही. पाण्यावर सासवा हमखास अडतात, कारण आपल्याकडचा उन्हाळा. त्यांना सांगा, दुधात पाणीच जास्त असतं. तहान लागेल ती बाळंतिणीला, तिला तांब्याभर पाणी द्या.

हे पटवायची जागा समाजमंदिर नाही, घर आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाते. तिच्यासोबत जा. बाळ समोर असलं की बोलणं कानात शिरतं.

हगवणीचं म्हणाल तर ओआरएसचं पाणी करूनच दाखवावं लागतं. ओआरएसची पुडी बहुतेक घरांत असते, पण कुणी अर्धी पुडी पेल्यात टाकतं, कुणी चिमूटभर. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, सगळी एकदम. घरातला तांब्या लिटरचा असतोच असं नाही, म्हणून लिटरच्या बाटलीनं मोजून तिच्याच भांड्यावर खूण करायला लावा. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. लेकरू ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी बंद करतात, तिथं पाठपुरावा हवा. अंगावरचं दूध आणि खाणं बंद करायचं नाही. 'पोटाला आराम' म्हणून उपाशी ठेवलेलं लेकरू झपाट्यानं खंगतं. सहा महिन्यांपुढच्या लेकराला ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून द्या, वरण-भात द्या. पाच रुपयांचा चटपटीत पुडा मात्र नको, आजारपणातही नको आणि एरवीही नको.

खोकल्यात एकच गोष्ट शिकवा: श्वास मोजणं. लेकरू शांत असताना पोटाकडं बघत मोबाइलवर पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर अंगारा नाही, थेट दवाखाना. शाळा न शिकलेल्या बाईला हे जमेल का, अशी शंका नको. बीडला लागून असलेल्या जामखेडला आरोळे डॉक्टर पती-पत्नींनी १९७० पासून गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. तुळजापूर तालुक्यात अणदूरला 'भारतवैद्य' म्हणून गावात आरोग्याचं काम करणाऱ्या बायकाही अशाच गावातल्या.

आता ऊसतोड. दसरा-दिवाळीला कोयता बाहेर पडला की तुमच्या अर्ध्या आया पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर. चैत्रात जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने पौषात भरतात, म्हणजे गोवर-रुबेलाची पहिली लस नेमकी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, असताना येते. कार्ड गावाकडं पत्र्याच्या पेटीत. टोळी निघायच्या आधी घरोघरी जाऊन प्रत्येक कार्डाचा फोटो आईच्या मोबाइलवर काढून द्या आणि पुढची तारीख बोलून सांगा. लस कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते, तिथल्या अंगणवाडीतही नाव घालता येतं. हे बायकांना माहीत नसतं. मुकादम सांगत नाही, कारण एक दिवस तोड बुडते.

आणि तुमच्याकडं गट आहे, म्हणजे पैसा आहे. आमच्याकडं तो नसतो. लेकरू रात्री धापायला लागलं तर आईला ठाऊक असतं की न्यायला हवं, पण गाडीभाडं नवऱ्याच्या खिशात. १०८ला फोन लावायचाच, वर्षाच्या आतल्या बाळाला १०२ची गाडीही मोफत आहे, तरी दवाखान्यात हातात चार पैसे लागतात. पुढच्या बैठकीत ठराव करा: आजारी लेकरासाठी आईनं मागितले की त्याच घटकेला पैसे, सही नंतर, नवऱ्याची परवानगी नाही. पेटीची किल्ली कुणाकडं, हे सगळ्यांना ठाऊक असू द्या.