बाबांच्या साठीला काळं चॉकलेट

प्रश्न : डॉक्टरकाका, बाबांना बीपीची गोळी सुरू आहे. साठीला डार्क चॉकलेट द्यावं म्हणते. हृदयाला चांगलं असतं ना?
– एक लेक, दारव्हा तालुका

उत्तर : दे की! कोकोतल्या फ्लॅव्हनॉल नावाच्या घटकांमुळे रक्तवाहिन्या जराशा सैलावतात, बीपी किंचित उतरतो. गोळी मात्र सुटत नाही. वेष्टनावर ७० टक्के कोको बघ. १०० ग्रॅममध्ये जवळपास ६०० कॅलरी, म्हणून दिवसाला दोनच तुकडे. शुगर असेल तर तेही विचारून. माझ्या वडिलांनी पहिला तुकडा ‘कडू जहर’ म्हणत थुंकला होता, दुसऱ्या दिवशी डबा शोधत होते. अन् बाई, मे महिन्यात एसटीने आणू नकोस. चॉकलेटमधली चरबी, म्हणजे कोको बटर, ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आपलं ऊन ४५ चं!