मॉरिशसचा कातळ आपल्या ओळखीचा

तुम्ही विचारलंय की मॉरिशस ज्वालामुखीचं बेट आहे, तर जिवंत ज्वालामुखी बघायला मिळेल का, आणि वाळूचे किनारे सोडून तिथे काय बघावं. मी दोनदा जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिवंत ज्वालामुखी तिथे नाही. तो सव्वादोनशे किलोमीटरवरच्या रेयुनियन बेटावर आहे. पण आपल्या दृष्टीने खरी गंमत वेगळीच आहे. रेयुनियनखाली आज जो तप्त बिंदू, म्हणजे खोलातून लाव्हा वर येण्याची जागा, आहे, त्याच्यावरून भारताचा भूखंड सरकत असताना, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्यातूनच पुढे मालदीवखालची डोंगररांग झाली आणि साधारण 80 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आलं. सह्याद्रीचा कातळ आणि तिथला कातळ एकाच चुलीवरचे!

म्हणून उसाच्या शेतापाशी गाडी थांबवाच. मधोमध काळ्या धोंड्यांचे मोठाले ढीग दिसतील. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून ते रचलेत, आणि या बेटावर आलेल्या मजुरांत आपल्या कोकणातलेही होते. एखादा धोंडा उचलून बघा. अंगभर बारीक भोकं असतात, लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. मी बराच वेळ तो हातात धरून उभा होतो.

क्युरपीप गावात त्रू ओ सेर्फ हे विझलेल्या ज्वालामुखीचं मुख आहे. काठावरून चक्कर मारता येते, उतारावर दाट झाडी आणि तळाशी पाणी. गंगा तलावही असंच एक मुख, पाण्याने भरलेलं. शामारेलची रंगीत माती बघायला अर्धा तास पुरे, पण बघताना आपला जांभा आठवा: तिथेही बेसॉल्टच, म्हणजे हा लाव्हाचा काळा कातळच, कुजून लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरलीत.

दक्षिणेला सुयाकजवळचं ग्रि-ग्रि मात्र चुकवू नका. बाकी बहुतेक बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं शांत. इथे ती भिंत तुटलेली आहे, आणि लाटा थेट काळ्या कड्यावर फुटतात. पोहायला अजिबात उतरू नका.

क्युरपीपला जाताना छत्री घ्या. किनाऱ्यावरच्या पोर्ट लुईस या राजधानीत कडक ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस असू शकतो.