बंगल्याच्या मागे आई-वडिलांसाठी छोटं वन आरके बांधायचंय. सुरुवात कुठून करावी आणि खर्च किती येईल?

पाच गुंठ्यांचा प्लॉट, पुढे बंगला, मागे मोकळी जागा आणि चौरस फुटाचा दर काय, असा तुमचा प्रश्न. दराकडे नंतर येतो. तुम्ही जाता जाता लिहिलंय, "ड्रेनेज पुढच्या चेंबरला जोडून घेऊ." माझं घोडं तिथेच अडलं.

साताऱ्याकडच्या एका कामाचे आकडे देतो, ते पुरेसे बोलके आहेत. बंगल्यालगतच्या चेंबरचा तळ जमिनीखाली १८ इंच. नवा संडास तिथून ५० फूट मागे. चार इंची पाइपाला ४० फुटाला १ फूट उतार धरला तर ५० फुटांत १५ इंच जातात. म्हणजे संडासापाशी पाइपाचा तळ पुढच्या जमिनीच्या फक्त ३ इंच खाली. इथवर ठीक. पण मागची जमीन पुढच्यापेक्षा फूटभर खोल होती. डोळ्याला सपाट दिसते, कारण मध्ये गवत आणि दोन आंब्याची झाडं. आता तोच पाइप मागच्या जमिनीच्या ९ इंच वर आला. पाइपाचा बाहेरचा व्यास साडेचार इंच. जोतं दीड फुटाचं, म्हणजे पाइपाच्या माथ्यापासून फरशीपर्यंत उरले साडेचार इंच. त्यात नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीखालचं वास अडवणारं भांडं, बसत नाही.

हे कळलं कधी, तर स्लॅब पडून प्लास्टर झाल्यावर. मग मिस्त्रीने बाथरूमची फरशीच सात इंच उचलली. सत्तरीच्या माणसाने रात्री झोपेत सात इंचाची पायरी चढून संडासला जायचं. ज्यांच्यासाठी घर बांधलं त्यांनाच ते नकोसं झालं. मिस्त्रीचं म्हणणं होतं, उतार कमी धरला असता तरी चाललं असतं, पाणी आपली वाट शोधतं. पाणी शोधतं हो, मैला शोधत नाही. तो पाइपात बसतो, पाणी वरून निघून जातं आणि वर्षभरात बांबू घालायची वेळ येते. अगदीच अडचण असेल तर ६० फुटाला १ फुटापर्यंत उतरा, तेही पाइप पीसीसीच्या (साध्या, बिनसळईच्या काँक्रीटच्या) बेडवर सरळ रेषेत टाकून. त्याहून कमी उतार नाही.

खरं तर इथे संडासाची जागाच चुकली होती. "संडास मागेच हवा" म्हणून तो घराच्या पार पाठीमागे ढकललेला. बंगल्याच्या बाजूला घेतला असता तर ५० चे ३५ फूट झाले असते, उतारात साडेचार इंच वाचले असते आणि ट्रॅप आरामात बसला असता. पाठीमागे संडास ही वाड्यातली सवय आहे, तेव्हा पाइप नव्हते.

म्हणून आर्किटेक्टकडे जाण्याआधी चेंबरचं झाकण उघडा, तळाचं माप घ्या आणि पाण्याच्या लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मागच्या जमिनीची पातळी काढा. ट्यूबमध्ये बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर दोन इंचांची चूक सहज होते. जोत्याची उंची या मापावरून ठरते. ती वाढवत जायची तर गुडघे आडवे येतात: १८ इंचाला तीन पायऱ्या, आणि १२ ला १ या उताराचा रॅम्प केला तर त्याला १८ फूट लांबी लागते. ती जागा नकाशात आधीच सोडा, नंतर कुठेच मिळत नाही.

उतार जमतच नसेल तर वेगळी सेप्टिक टाकी. पाच माणसांसाठी आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पाण्याची खोली एक मीटर आणि वर ३० सेंमी मोकळी. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा ५ सेंमी खाली ठेवा. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब, बोअर असेल तर तिलाही हेच अंतर धरा. काळ्या मातीत मात्र शोषखड्डा पावसाळ्यात भरून उभा राहतो. तिथे मुरूम लागेपर्यंत खोदावंच लागतं, आणि पायाही त्याच मुरमावर घ्या. काळी माती फुगते-आकसते, हलक्या घराला तर लवकर तडे देते.

आतलं थोडक्यात. खोली १२ बाय १४, ओटा त्यातच, टॉयलेट ५ बाय ८. टॉयलेटचं दार बाहेर उघडणारं करा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. धरायचे दांडे लावणार असाल तर सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंतीत साधे फास्टनर टिकत नाहीत, त्या जागी बांधकामातच काँक्रीट भरून घ्या. वीज बंगल्यातून आणलीत तर आर्मर्ड केबल जमिनीखालून, वर विटांचा थर, आणि नव्या घराला स्वतंत्र अर्थिंग व ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच.

आता दर. छोट्या घराचा चौरस फुटाचा दर मोठ्या घरापेक्षा जास्तच पडतो, कारण टॉयलेट, ओटा आणि टाकी यांचा खर्च घर लहान म्हणून कमी होत नाही. ठेकेदाराच्या दरात टाकी, बाहेरची पाइपलाइन आणि मीटरपासूनची केबल बहुधा धरलेली नसते. ते तीन आकडे वेगळे लिहून मागा. मी इथून आकडा सांगितला तर तो तुमच्या गावाचा नसेल.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं. मागची मोकळी जागा म्हणजे बहुतेक वेळा मार्जिन, म्हणजे हद्दीलगत नियमाने मोकळी सोडायची जागा असते, ती बांधायला नसते. मंजूर नकाशात एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याची मर्यादा) उरलाय का ते आधी बघा. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यात डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकत्रीकृत नियमावली आहे, तिच्यातलं मार्जिन प्लॉट आणि रस्त्यानुसार बदलतं. परवानगी नसेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येऊ शकते. मार्जिन सोडून घर सरकवावं लागलं तर संडास ते चेंबर हे अंतरही बदलेल, तेव्हा चेंबरचं माप पुन्हा घ्या.