'ॲन ॲडव्हाइस' चूक का, 'सल्ला' तर मोजता येतो ना?

मराठीत येतो, इंग्रजीत नाही. घोळ इथेच होतो. आपण 'दोन सल्ले' सहज म्हणतो, म्हणून 'ही गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस' तोंडून निघतं. नाम मोजता येतं का, हे ठरवताना मराठी अर्थ बघू नका, शब्दकोशात बघा: शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत नामापुढे सी (मोजता येणारं) किंवा यू (न येणारं) छापलेलं असतं.

यू असेल तर 'अ/ॲन' नाही आणि शेवटी 'एस'ही नाही. इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क हे नेहमीचे गुन्हेगार. 'फर्निचर्स' दुकानाच्या पाटीवर दिसलं तरी चूकच. एकच नग सांगायचा तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', नाहीतर सरळ 'सम ॲडव्हाइस'. 'न्यूज'च्या शेवटी एस दिसतो, पण क्रियापद 'इज'च.

उलट चूकही तितकीच होते: 'आय बॉट कार'. मोजता येणारं एकवचनी नाम सहसा उघडं राहत नाही. पुढे 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी लागतंच. ('बाय कार', 'ॲट स्कूल' हे ठरलेले प्रयोग वेगळे.)

'द' मात्र दोन्हींना चालतो, कोणतं ते ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तर: 'द ॲडव्हाइस यू गेव्ह मी'.

काही शब्द दोन्हीकडे असतात. 'कॉफी' म्हणजे पेय, 'अ कॉफी' म्हणजे एक कप. 'हेअर' म्हणजे डोक्यावरचे केस, आमटीत सापडतो तो 'अ हेअर'.