व्हर्च्युअल मशीन म्हणतंय प्रोसेसर जुना आहे!

प्रश्न : व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा, व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू लिनक्स टाकतोय, पण सुरू करताच काळ्या स्क्रीनवर येतं की कर्नलला (उबुंटूच्या गाभ्याला) एक्स८६-६४ सीपीयू हवा, सापडला फक्त आय६८६. लॅपटॉप ६४ बिटचाच आहे, विंडोजपण ६४ बिट. मग हा आय६८६ आला कुठून?

उत्तर : लॅपटॉप बदलायला निघाला नाहीत ना? प्रोसेसर ठणठणीत आहे हो, व्हर्च्युअल मशीन बनवताना व्हर्जनमध्ये ३२ बिट निवडलं गेलंय म्हणून आतल्या उबुंटूला ३२ बिटचाच प्रोसेसर, म्हणजे आय६८६, दिसतोय (एक्स८६-६४ म्हणजे ६४ बिटचा), आणि उबुंटूने डेस्कटॉपची ३२ बिट आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, २०१७ च्या १७.१० पासूनच बंद केलीय. त्या व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंग्जमध्ये जनरलला जाऊन व्हर्जन ६४ बिट करा, झालं.

आता तिथे ६४ बिटचा पर्यायच दिसत नसेल (बहुतेकांचं इथेच अडतं) तर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली व्हर्च्युअलायझेशनपुढे डिसेबल्ड दिसलं की समजायचं ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद आहे. रीस्टार्ट करून एफ२, एफ१० किंवा डिलीट, ज्या कंपनीची जी की असेल ती दाबा, इंटेलला व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असं काहीतरी असतं, एएमडीला एसव्हीएम मोड, ते चालू करून सेव्ह करा. माझ्याकडे ते ॲडव्हान्स्डच्या आत सीपीयू कॉन्फिगरेशनमध्ये लपलं होतं, अर्धा तास गेला शोधण्यात.

इनेबल्ड असूनही अडलं तर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) आणि विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी बंद करून बघा, पण डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर ते बंद पडू शकतं हां. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, काम झालं की परत चालू करा.