आईचा सीआरपी वाढलेला आला आहे, म्हणजे आयुष्याला धोका आहे का?

तुमच्या ७४ वर्षांच्या आईंचा एचएस-सीआरपी (दाह असताना रक्तात वाढणाऱ्या सीआरपी या प्रथिनाची जास्त संवेदनशील तपासणी) ४.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) ३८ आला आहे, आणि ‘शरीरातील दाह (इन्फ्लमेशन) वाढलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त असते’ हे वाचल्यापासून तुमच्या जिवाला घोर लागला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी पॅथॉलॉजिस्ट असून असे रिपोर्ट रोज माझ्या सहीने बाहेर जातात, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

तुम्ही वाचलेले निराधार नाही. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ग्रामीण भागात पासष्टी ओलांडलेल्या, पण हिंडत्याफिरत्या अशा १,२९३ जणांचा सुमारे ४.६ वर्षे मागोवा घेतला गेला व त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ (दाहाचा संदेश देणारे एक प्रथिन) आणि सीआरपी हे दोन्ही जास्त होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका दोन्ही कमी असलेल्यांच्या २.६ पट आढळला. मात्र हे प्रमाण गटाचे आहे. त्यावरून एखाद्या आजींची उरलेली वर्षे मोजता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. ईएसआरसाठी आम्ही रक्त वेस्टरग्रेन नळीत भरून ती स्टँडमध्ये सरळ उभी ठेवतो आणि एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते पाहतो. नळी किंचित कललेली राहिली तरी आकडा वाढतो. रक्त कमी असले, म्हणजे ॲनिमिया असला, तरीही वाढतो. आणि वयाबरोबर तर तो वाढतोच. स्त्रियांसाठी वयात दहा मिळवून निम्मे करावे असा जुना ठोकताळा आहे, त्यानुसार तुमच्या आईंची मर्यादा ४२ येते. त्यामुळे त्यांचा ३८ हा आकडा मला मुळीच अस्वस्थ करत नाही.

सीआरपीचे तसे नाही. हृदयविकाराच्या दृष्टीने ३ च्या वरचा एचएस-सीआरपी जास्त धोक्याचा मानतात. पण हे प्रथिन यकृतात तयार होते आणि साध्या सर्दीतापानेही काही तासांत चढते, म्हणून एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नये. आईंना बरे वाटत असताना किमान दोन आठवड्यांच्या अंतराने, त्याच लॅबमध्ये, तपासणी पुन्हा करून घ्या. एकक आवर्जून पाहा. एक गृहस्थ ०.६ आणि ६ असे दोन रिपोर्ट घेऊन अक्षरशः थरथरत माझ्यासमोर बसले होते; पहिला मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरमध्ये होता, दुसरा प्रतिलिटरमध्ये, म्हणजे दोन्ही आकडे एकच होते.

पुन्हाही तो वाढलेलाच आला, तर कारण शोधावे लागेल. हिरड्यांचा जुना आजार, लघवीचा जंतुसंसर्ग, पोटावरची चरबी, मधुमेह, तंबाखू किंवा मशेरी, सांध्यांचा आमवात यांची चौकशी डॉक्टरांकडून करून घ्या. हिरड्यांची तपासणी आपल्याकडे हमखास राहून जाते, याची मला फार खंत वाटते.

केवळ आकडा उतरावा म्हणून मात्र कोणतीही गोळी देऊ नका. जनुकीय अभ्यासांत जन्मतःच सीआरपी जास्त असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो असे दिसले नाही. म्हणजे सीआरपी हा बहुधा निरोप्या आहे, कर्ता नव्हे. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाची चाचणी झाली. २०१७ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांत हृदयविकाराचे पुढचे झटके कमी झाले, पण एकूण मृत्यूंत ठोस घट दिसली नाही आणि जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग मात्र वाढले. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या तर या वयात मूत्रपिंडाला आणि जठराला थेट इजा करू शकतात.

वजन आपोआप घटत असेल, बारीक ताप येत असेल, सकाळी सांधे तासभर आखडलेले राहत असतील किंवा कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी सुरू झाली असेल, तर दोन आठवडे थांबू नका. डोकेदुखीबरोबर नजर अंधुक होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. यांपैकी काही आहे का, हे तुमच्या प्रश्नात लिहिलेले नाही. आज आईंना तेवढे विचारा.